चौदा शेतांची माती

तिसऱ्या वेळीही प्लेट्स कोऱ्या निघाल्या. रेणुकाने इन्क्युबेटरचं दार लावलं, हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, काहीच नाही."

"एकाही शेतात नाही?"

"एकाही नाही. चौदाच्या चौदा गेली."

ईशान, तन्वी, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की आजी, नोकरीत तुला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली? मी तेव्हा काहीतरी सांगून टाळलं. फोनवर ते सांगता येत नाही. मध्येच आवाज जातो आणि माझा क्रम चुकतो. म्हणून लिहून पाठवते आहे. ही गोष्ट क्रमानेच सांगायला हवी.

मी लातूरच्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवत होते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं शास्त्र. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. रेणुका माझी पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. ती किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची. घरची कापसाची शेती. बोलणं कमी आणि काम स्वच्छ. आमच्या धंद्यात स्वच्छ हात ही मोठी पात्रता असते, कारण आपल्याच बोटावरचा जीव प्लेटवर उगवतो आणि आपण त्याला शोध समजतो.

तिचा विषय सोपा करून सांगते. पिकाला फॉस्फरस लागतो. इकडे शेतकरी त्याला स्फुरद म्हणतात. आमच्या काळ्या मातीत तो असतो, पण चुन्याशी इतका घट्ट बांधलेला की मुळांना मिळत नाही. काही जिवाणू आम्ल सोडतात आणि तो मोकळा करतात. असे जिवाणू आपल्या कोरडवाहू मातीत कोणते आहेत, हे रेणुकाला शोधायचं होतं.

शोधायची पद्धत अशी. काचेच्या चपट्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, खरवसासारखी घट्ट जेली ओततात. तिच्यात न विरघळलेला स्फुरद असतो, म्हणून ती दुधाळ दिसते. थोडी माती पाण्यात कालवून, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करून, त्याचा थेंब जेलीवर पसरायचा आणि बशी उबेत ठेवायची. तीन-चार दिवसांत ठिपके उगवतात. एक ठिपका म्हणजे जिवाणूंची एक वसाहत. तो आम्ल सोडणारा असेल तर त्याच्याभोवतीची जेली पारदर्शक होते, चंद्राला खळं पडतं तशी.

आदल्या हिवाळ्यात रेणुकाने वीस शेतांची माती आणली होती. चौदा शेतं औसा तालुक्यातली, रब्बी ज्वारीची. सहा तिच्या इस्लापूरकडची, कापसाची. इस्लापूरच्या प्लेट्स साधारण होत्या. औशाच्या प्लेट्स मी इन्क्युबेटरमधून स्वतः काढल्या आणि दारातच उभी राहिले. खळ्यांना खळी चिकटली होती. इतक्या वर्षांत मी तसं काही पाहिलं नव्हतं.

ठिपके वेगळे काढून ओळख पटवायला बाहेर पाठवले. उत्तर आलं: लॅक्टिक आम्ल तयार करणारी जात. ही मंडळी मुख्यतः दह्या-ताकात राहतात. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण झाडांच्या पानांवर आणि मुळांशीही ती सापडतात, असं काही ठिकाणी लिहिलेलं होतं. आम्हाला जे हवं होतं ते आम्ही वाचलं. ज्वारीच्या मुळांना हे जिवाणू आवडतात आणि कापसाच्या मुळांना आवडत नाहीत, असा अर्थ लावला. पेपर लिहिला. एका बऱ्या जर्नलने तो छापला. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

मग नांदेडहून पत्र आलं. आमचं विद्यापीठ नांदेडला. प्रबंध जमा करण्याआधी तिथल्या समितीपुढे काम मांडावं लागतं. समितीने लिहिलं होतं की मातीच्या कामाला एक हंगाम पुरत नाही. दुसऱ्या हंगामातही तेच दिसतं का, हे दाखवा.

मागणी रास्त होती. ज्वारी पेरून झाली होती. रेणुका औशाला गेली आणि त्याच चौदा शेतांची माती घेऊन आली. प्लेट्स कोऱ्या. म्हणजे अगदी कोऱ्या नव्हेत. मातीतले नेहमीचे रहिवासी उगवले होते. पण ते खळं नव्हतं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली. तेच. तिसऱ्यांदा गेली, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. समितीपुढे उभं राहायला तेव्हा अठरा दिवस उरले होते.

अशा वेळी घाबरून चालत नाही, यादी करावी लागते. मी यादी केली. पहिला संशय जेलीवर. फ्रीजमध्ये जपून ठेवलेले आदल्या वर्षीचे जिवाणू त्याच जेलीवर लावले. छान खळी पडली. जेली निर्दोष. दुसरा संशय उबेवर. थर्मामीटर बदलून पाहिला. ऊब बरोबर. तिसरा संशय पाण्यावर, चौथा बाटल्यांवर. सगळं ठीक. यादीत शेवटी एकच नाव उरलं आणि ते मी कागदावर लिहिलं नाही.

ते बोलून दाखवायचं काम आमचे विभागप्रमुख गंगणे सर यांनी केलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, बसा. चहा सांगू?"

"नको. बोला."

"नांदेडला कुजबुज आहे. समितीतल्या एकाने मला फोन केला होता. म्हणाले, पहिल्या वर्षी चौदापैकी चौदा आणि दुसऱ्या वर्षी शून्य? असं माती करते की माणूस?"

मी उठायला लागले.

"मी तिच्यावर आरोप करत नाही. पण तुम्ही गाईड आहात. तिने आकडे बनवले असतील तर तुमचंही नाव त्यात आहे. निवृत्तीच्या तोंडावर कशाला?"

"तिने बनवले नाहीत."

"तुम्ही बघितलंय?"

मी बघितलं नव्हतं. मी प्लेट्स बघितल्या होत्या. त्या प्लेट्सवर कुठली माती होती, हे मी लेबलावर वाचलं होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: सगळ्यात जास्त भीती मला त्या केबिनमधून स्टाफरूमपर्यंत येताना वाटली. कारण खोटं करणं किती सोपं आहे हे मला माहीत होतं. जपून ठेवलेला जिवाणू मातीच्या पाण्यात चमचाभर टाकला की झालं. चौदा प्लेट्सना पाच मिनिटं.

मी रेणुकाची नोंदवही घरी नेली. दोन दिवस मी तीच वाचत होते. बनवलेल्या आकड्यांची काही लक्षणं असतात. सगळं एकाच पेनाने, एकाच वेगाने लिहिलेलं. खाडाखोड नाही. आकडे जास्तच गुळगुळीत. रेणुकाच्या वहीत खाडाखोड होती, मातीचे डाग होते, एका पानावर बसचं तिकीट चिकटवलेलं होतं. मला हायसं वाटलं. आणि मग तारखांच्या रकान्याशी माझं बोट थांबलं.

पहिल्या वर्षी चौदापैकी नऊ शेतं एका दिवसात झाली होती. उरलेली पाच दुसऱ्या दिवशी.

शेतातून नमुने आणणाऱ्या कोणालाही विचारा. एक शेतकरी गाठायचा तर दोन चकरा होतात. कोणी बाजारात, कोणी लग्नाला, कोणी तालुक्याला. शेत दाखवायला माणूस लागतो. परवानगीशिवाय आपण माती उचलत नाही. त्याच वहीत या वर्षीच्या फेऱ्या होत्या आणि एकेका फेरीला पाच-पाच, सहा-सहा दिवस लागले होते. मग त्या वेळी एकाच दिवसात नऊ कशी? त्या पानाखाली तपासल्याची माझी सही होती. मी तेव्हा बेरीज तपासली होती, तारीख नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेणुकाला समोर बसवलं. मी आवाज साधा ठेवायचा ठरवलं होतं. तो साधा राहिला नाही.

"या दिवशी तू नऊ शेतं कशी केलीस?"

"सगळे शेतकरी शेतातच होते, मॅडम."

"नऊच्या नऊ?"

"सगळं गावच शेतात होतं. बायकापोरांसकट. त्यांचा सण होता ना. म्हणूनच मी तो दिवस धरला. एकाच चकरेत सगळे भेटतात." मग तिने वहीवरून नजर उचलली. "मॅडम, तुम्ही मला असं का विचारताय?"

मी बोट तारखेवरच ठेवलं. तिला कारण कळलं. तिचे डोळे भरले नाहीत. ती फक्त वही स्वतःकडे ओढून तिच्या कडा सरळ करत बसली.

कॅलेंडर काढून पाहिलं. तो दिवस येळवशीचा होता. तुम्हाला हा सण माहीत नसणार. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि माणसं शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याची खोपटी उभारतात, तिला कोप म्हणतात. त्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते. मग भज्जी म्हणजे भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खीर आणि आंबील. ज्याचं शेत नाही तोही कोणाच्या तरी शेतात पाहुणा असतो. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन लातूरला आलेली. मलाही दरवर्षी बोलावणं असायचं. त्याच दिवशी मी एका सहकाऱ्याच्या शेतात सतरंजीवर बसून भज्जी खात होते. आणि रेणुकाच्या किनवटकडे हा सण नाही. तिच्या लेखी ती मोठी सहल होती.

म्हणजे नऊ शेतांचं कोडं सुटलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिची माफी मागायची विसरले. पण समितीला माझं बरं वाटणं चाललं नसतं. त्यांना पुरावा हवा. मी म्हटलं, "औशाला जाऊ. त्या दिवशी तू खरंच तिथे होतीस, असं दोन शेतकऱ्यांकडून लिहून घेऊ."

"म्हणजे साक्ष?"

"हो."

"चोरीच्या केसमध्ये असते तशी," ती म्हणाली. आम्ही औशाची बस धरली.

औशाच्या किल्ल्यापलीकडे काशीनाथअप्पांचं शेत. यादीतलं पहिलं. अप्पा साठीचे, गळ्यात इष्टलिंग, डोक्याला टॉवेल. त्यांची आई, अव्वा, बांधावरच्या कडुलिंबाखाली हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. वय विचारलं तर "तुझ्या आईपेक्षा लई जास्त" असं उत्तर देणारी.

मी नमस्कार करून येण्याचं कारण सांगितलं. या मुलीने गेल्या येळवशीला तुमच्या शेतातली माती नेली होती, हे आठवतं का?

"आठवतंय की," अप्पा म्हणाले. "सकाळीच आलत्या. अव्वा, हीच ना?"

अव्वाने रेणुकाला खालून वरपर्यंत पाहिलं. "हीच की. लई वाळलीय आता. त्या दिशी बरी होती. आंबील दिलं तर वास घिऊन तांब्या खाली ठिवला. मी म्हणलं, पोरी, आंबील न पिता येळवस हुती का? मग कसंतरी तोंड करून पिली."

रेणुका ओशाळली. "सवय नव्हती, अव्वा."

"सवय न्हाई म्हणं. आन् माती उकरायची लई सवय!"

मी कागद-पेन काढलं. अप्पांना म्हटलं, किती वाजता आली, कुठून माती घेतली, एवढं सांगा, मी लिहिते, तुम्ही सही करा.

"लिवा. धा वाजता आलत्या. मला म्हणल्या, अप्पा, शेत दाखवा, आडवंतिडवं फिरून पंधरा ठिकाणची माती पायजे. मी म्हणलं, बाई, आज मला टाइम न्हाई, पूजा हाय, आंबील शिपायचंय. तर ह्या म्हणल्या, तुम्ही शिपत चला, मी मागं मागं येते."

मी लिहीत होते. 'शिपत चला' इथपर्यंत माझं पेन गेलं आणि थांबलं.

"काय शिंपत चला?"

"आंबील की वो. कोपातली पूजा झाली की मडकं घिऊन साऱ्या शेतात शिपावं लागतंय. काळ्या आईला निवद. मी म्होरं शिपत, ह्या माझ्या मागं उकरीत. एका फेरीत दोगांची बी कामं झाली."

"बाकीच्या शेतांतही असंच?"

"समद्यांचंच. येळवशीला आंबील शिपत न्हाई असं शेत ह्या शिवारात दावा मला."

मी रेणुकाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याआधी तिथे पोचली होती.

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात कालवून, शिजवून, मडक्यात आंबवलेलं पेय. आंबवायचं काम कोण करतं? आमच्या पेपरमधला जिवाणू. नमुना घेताना काय टाळायचं, हे प्रत्येक पुस्तकात दिलेलं असतं: बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाजवळची नको. रेणुकाने यातलं सगळं पाळलं होतं. वरचा थर बाजूला करून वीतभर खाली उकरलं होतं. पण हिवाळ्यात काळ्या मातीला भेगा असतात आणि पातळ आंबील त्यांतून सहज खाली उतरतं. तिने खुरप्याने जे भरलं ते माती आणि नैवेद्य दोन्ही होतं. उरलेली पाच शेतं दुसऱ्या दिवशीची. तिथेही आदल्या दिवशी आंबील पडलेलंच होतं. इस्लापूरच्या कापसात ते नव्हतं, कारण तिथे कोणी ते शिंपलं नव्हतं.

"काय झालं?" अव्वाने विचारलं. "कावं गप झालाव? आमचं आंबील बाधलं का काय?"

"नाही अव्वा," रेणुका म्हणाली. "आंबील चांगलं होतं. लईच चांगलं होतं."

परतताना बसमध्ये ती मोजून दोन वाक्यं बोलली. पहिलं: "मॅडम, मी खोटं केलं नाही, हे आता सिद्ध होईल." आणि बऱ्याच वेळाने: "पण मग माझ्याकडे काही उरत नाही."

दोन्ही बरोबर होतं. जी गोष्ट तिला निर्दोष ठरवणार होती, तीच तिचा शोध पुसून टाकणार होती. आणि एकाशिवाय दुसरं मिळणार नव्हतं.

अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. अव्वाने आमच्यासाठी त्यांच्या नेहमीच्या ताकात आंबील केलं. दोन दिवस आंबवलेलं ते मडकं रेणुकाने मांडीवर धरून बसमधून लातूरला आणलं. थेंब प्लेटवर गेला. चौथ्या दिवशी खळ्यांना खळी चिकटली होती. ओळख पटवायला पाठवलं, तीच जात. मग एका कुंडीतल्या काळ्या मातीवर आंबील शिंपडून आम्ही रोज मोजत गेलो. ठिपके दिवसेंदिवस विरळ होत गेले. मातीत त्यांचं घर नव्हतं; ते पाहुणे होते.

मी गंगणे सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग त्यांनी चष्मा पुसला.

"मॅडम, आता ऐका. समितीला म्हणा, दुसऱ्या वर्षी पाऊस वेगळा होता, म्हणून फरक पडला. ते मानतील. कुंडीची गोष्ट कोणाला सांगू नका. पेपर छापलाय, तो राहू द्या. औशाला येऊन माती उकरायला कोण बसलंय?"

"आणि कोणी उकरली तर?"

"तोवर तुम्ही रिटायर आणि तिला नोकरी. पेपर मागे घेतलात तर काय होईल माहीत आहे ना? नियमाप्रमाणे एक तरी छापील पेपर लागतो. तिच्याकडे दुसरा नाही. मुदत संपत आलीय. एका आंबिलापायी त्या पोरीची चार वर्षं घालवणार?"

हे म्हणणारा माणूस वाईट नव्हता, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्याला तिची काळजीच होती. आणि मी लगेच 'नाही' म्हटलं नाही, हेही लिहून ठेवते. मी "उद्या सांगते" म्हटलं. घरी येऊन मी पेपर मागे घेण्यासाठी जर्नलला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला आणि तो फाइलमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी पावसाचं कारण देणारा मसुदाही केला. दोन्ही चांगल्या इंग्रजीत होते. दुसरा जास्त चांगला होता.

दोन्ही कागद मी रेणुकापुढे ठेवले. ते योग्य होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. निर्णय गाईडने घ्यायचा असतो आणि मी तो एका विद्यार्थिनीवर ढकलत होते.

तिने दोन्ही वाचले. मग विचारलं, "मॅडम, हा पेपर वाचून कोणी हे जिवाणू वाढवून खत म्हणून विकायला काढले तर?"

"शक्य आहे."

"आमच्या बाबांना कोणी ते विकलं तर ते घेतील. माझ्या नावावर विश्वास ठेवून घेतील." तिने पावसाचा कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. "जर्नलचं पत्र पाठवा. खाली माझीपण सही घ्या."

पत्र गेलं. तीन दिवसांनी आम्ही नांदेडला समितीपुढे उभ्या होतो. पाच माणसं, लांब टेबल, मध्यभागी अध्यक्ष. ते जुने, कडक म्हणून प्रसिद्ध. रेणुकाने वीस मिनिटांत सगळं मांडलं: पहिला हंगाम, पेपर, कोऱ्या प्लेट्स, येळवस, मडकं, कुंडी. मी मागच्या खुर्चीत बसून पदराचं टोक इतकं पिळलं की घरी येऊन इस्त्री करावी लागली.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, तुम्ही दोन वर्षं ताक तपासलंत?"

टेबलाभोवती हशा पिकला. रेणुकाने तो संपू दिला.

"हो सर. पण नीट तपासलं."

"आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या गाईडने शोधलं?"

"नाही सर. औशाच्या अप्पांनी सांगितलं. आम्ही त्यांच्याकडे साक्ष मागायला गेलो होतो."

"कसली साक्ष?"

ती एक क्षण माझ्याकडे वळली. मी मान हलवली. "मी आकडे बनवले नाहीत याची, सर. इथे तसं बोललं जात होतं."

आता कोणी हसलं नाही. टेबलाच्या टोकाचे एक प्राध्यापक आपली फाइल चाळू लागले. गंगणे सरांना फोन कोणी केला होता ते मला कळलं.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. तो पाऊण तास मी तुम्हाला वर्णन करून सांगू शकत नाही. व्हरांड्यात बाक होता, पण आम्ही दोघीही उभ्याच राहिलो. रेणुकाच्या फोनवर इस्लापूरहून दोनदा फोन आला. तिने उचलला नाही.

निर्णय असा झाला. आकड्यांबद्दल कोणताही संशय नाही, असं लेखी नोंदवलं. एक वर्षाची मुदतवाढ दिली. सगळ्या शेतांचे नमुने नव्याने घ्यायचे, येळवशीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर दर आठवड्याला. मी तोवर निवृत्त होणार, म्हणून दुसरा गाईड नेमला. माझं नाव सहगाईड म्हणून खाली गेलं.

पुढचं थोडक्यात. रेणुकाचा प्रबंध दीड वर्षाने पूर्ण झाला. मध्ये आणखी एकदा मुदत वाढवून घ्यावी लागली. त्यात नवा शोध नाही. औशाच्या मातीत स्फुरद मोकळा करणारे जे जिवाणू खरोखर राहतात, ते साधे आणि आधीपासून माहीत असलेले निघाले, संख्येनेही बेताचे. एक छोटं प्रकरण आंबिलाचं आहे: शिंपल्यापासून किती दिवसांत ते मातीतून नाहीसं होतं. त्यावर एक लहान पेपर झाला आणि नियम पुरा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळे प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. ती आता किनवटकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. त्या पहिल्या पेपरमुळे तिला मिळाली असती ती नोकरी ही नव्हे. हे ती मला कधी म्हणाली नाही, पण मला माहीत आहे.

तिची माफी मी व्हरांड्यातच मागितली, निर्णय यायच्या आधी. ती म्हणाली, "मॅडम, मीपण तुमच्या जागी असते तर वही नेली असती." मला ते पुरेसं वाटलं नाही. पण मागायची राहिली असती तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

माझ्या प्रकाशनांच्या यादीत तो मागे घेतलेला पेपर अजून आहे. पुढे 'लेखकांनी मागे घेतला' असं लिहिलेलं आहे. तुमचे बाबा म्हणाले, काढून टाक, कोण बघतंय. यादी पूर्ण नसेल तर ती यादी नव्हे.

ईशान, तू सांगतोस की तुझ्याकडे कामाला आकडेच येतात, माणसं येत नाहीत. मग एक कर. आकडे जिथून आले तिथे एक फोन लाव आणि विचार, त्या दिवशी तिथे काय चाललं होतं. तन्वी, तू शेतात, दवाखान्यात, जिथे कुठे नमुने घ्यायला जाशील तिथे तिथल्या माणसाला हाच प्रश्न आधी विचार. आणि तो उत्तर देत असताना उकरू नकोस.